बापाने दिली शंभर गाण्यांची यादी, पोरीने गायली बारा : रोझॅन कॅशच्या 'द लिस्ट' सीडीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मी कंट्रीवाला (म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गिटारवालं संगीत) माणूस नाही. आमच्या घरी सकाळी रेडिओवर अभंग आणि संध्याकाळी बातम्या, एवढंच संगीत. पुढे कॉलेजात सगळ्यांनी जे ऐकलं तेच मी पण ऐकलं. पण मधे ऑफिसने आठ महिन्यांसाठी अमेरिकेत नॅशव्हिलला पाठवलं, हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर, त्या गावात हॉस्पिटलं चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत म्हणून आपल्यासारखी आयटीतली जनता तिथे बरीच सापडते. शनिवारी लॉंड्री, रविवारी गणेश मंदिर, आणि मधल्या वेळात करायला काही नाही. तिथे कंट्री ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच हो. ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे, दिवसाढवळ्या प्रत्येक बारमधे कोणी ना कोणी टोपी घालून गातच असतो, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाताना कानात दोन गाण्यांची भेळ होते. पहिल्या महिन्यात मला अक्षरशः वैताग आला होता.

तर तिथल्या एका सेकंडहॅंड सीडीच्या दुकानात (नाव जाऊ दे) ही सीडी चार डॉलरला घेतली, ती पण कंट्रीतला बडा गायक जॉनी कॅश याची समजून, कारण मी नुसतं 'कॅश' वाचलं. काउंटरवरच्या पोराने एकदम नव्यासारखी आहे म्हणून दिली आणि घरी येऊन लावली तर नवव्या ट्रॅकला अडकली. परत घेऊन गेलो तर म्हणे सेलमधला माल परत होत नाही. असो. भारतात परत आलो, सीडी बॅगेत आली, आणि गाडीतल्या जुन्या सीडी प्लेअरमधे गेली चार-पाच वर्षं तीच पडून आहे, म्हणजे पडून नाही, वाजतेय. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

गोष्ट अशी आहे. १९७३ साल. रोझॅन १८ वर्षांची, शाळा नुकतीच संपलेली, आणि बापाच्या टूरबरोबर बसमधून हिंडतेय. बाप म्हणजे जॉनी कॅश, तेव्हा अमेरिकेत ज्याला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागेल इतका मोठा. सुरुवातीला पोरीला काम काय, तर टूरचे कपडे बघायचे, धुवायचे, इस्त्री. मग हळूहळू मागे कोरसमधे उभी राहायला लागली. तर बसमधे बाप एकेका गाण्याचं नाव घेतोय, हे माहितीये का, ते माहितीये का, आणि ही प्रत्येकाला नाही म्हणतेय. ती वाढली कॅलिफोर्नियात, बीटल्स ऐकत, तिला कुठून माहिती असणार. बाप चाट पडला. त्या दिवशी बसून त्याने लीगल पॅडवर शंभर गाण्यांची यादी केली आणि तिच्या हातात दिली, की हे तुझं शिक्षण, ही शंभर गाणी तुला आलीच पाहिजेत. यादी फक्त कंट्रीची नव्हती, त्यात डोंगराळ भागातली जुनी लोकगीतं, ब्लूज, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, लढ्यांची गाणी असं सगळं होतं.

पोरीने गाणी शिकून घेतली. कागद जपून ठेवला. आणि त्यातली गाणी रेकॉर्ड करायला ३५ वर्षांच्या वर घेतली. अल्बम आला ऑक्टोबर २००९ मधे, तेव्हा ती ५४ ची होती आणि बापाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

आपल्याकडे किशोरीताईंचा विषय निघाला की दोन वाक्यांत मोगूबाई येतातच, पण तिथे निदान रीतसर तालीम होती, समोर बसवून, चुकलं की परत. इथे बापाने तालीम वगैरे काही दिली नाही, एका दिवसात अख्खा सिलॅबस हातात ठेवला आणि पुढच्या गावाला शो करायला गेला. मला ही गोष्ट भारी वाटते, आणि थोडी वाईट पण वाटते, कारण त्याआधीची दहा-बारा वर्षं तो बाप म्हणून घरात फारसा नव्हताच. टूर, गोळ्यांचं व्यसन, मग बायकोशी घटस्फोट. चार मुली आईपाशी, कॅलिफोर्नियात. रोझॅन थोरली. ती जन्मली २४ मे १९५५ ला मेम्फिसमधे आणि पुढच्याच महिन्यात बापाची पहिली रेकॉर्ड सन रेकॉर्ड्स या कंपनीकडून बाहेर आली, म्हणजे पोरगी आणि प्रसिद्धी एकदमच घरात आली म्हणा ना.

इथे लोकांचा एक घोळ कायम होतो (माझा पण झाला होता) की ही जून कार्टरची मुलगी. नाही. हिची आई व्हिव्हियन लिबर्टो, जॉनीची पहिली बायको. जून कार्टर सावत्र आई, १९६८ मधे लग्न झालं. पण जूनमुळे झालं काय, तर गाणाऱ्यांचं कार्टर घराणं हिच्या आयुष्यात आलं आणि कार्टर म्हणजे कंट्रीमधलं जवळजवळ मूळ पीठच. त्या टूरच्या बसमधे जूनची आई मेबेल कार्टर असायची, जूनच्या बहिणी हेलन आणि अनिता असायच्या, शिवाय गिटारवाला गायक कार्ल पर्किन्स. पोरगी गिटार शिकली ती या लोकांकडून, ड्रेसिंग रूममधे, शो सुरू व्हायच्या आधी. क्लास लावला नाही, फी भरली नाही.

आता शेवटच्या ट्रॅकपासूनच सुरू करतो, कारण तो ऐकताना मला काटा येतो. बाराव्या नंबरला 'बरी मी अंडर द वीपिंग विलो' आहे. कार्टर मंडळींनी आयुष्यात पहिल्यांदा जे गाणं रेकॉर्ड केलं ते हेच, १ ऑगस्ट १९२७, ब्रिस्टल नावाच्या गावी, जे अर्धं टेनेसीत आणि अर्धं व्हर्जिनियात आहे, मेन रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द. राल्फ पीअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिथे मशीन लावून बसला होता आणि एका गाण्याचे ५० डॉलर देत होता. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची चुलतबहीण मेबेल डोंगरातून खटारा गाडीने आले. मेबेल तेव्हा १८ वर्षांची आणि दिवस भरत आलेले. सप्टेंबरात तिला मुलगी झाली, तीच हेलन. म्हणजे हे गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं तेव्हा हेलन आईच्या पोटात होती, आणि त्याच हेलनने पुढे ४५-४६ वर्षांनी जॉनी कॅशच्या १८ वर्षांच्या पोरीला गिटार शिकवली. एवढं माहीत झाल्यावर परत तो ट्रॅक लावून बघा. रोझॅन त्यात काहीही करत नाही. साधं, सरळ, एखादी बाई भाकऱ्या थापताना गुणगुणेल तसं गाते.

आणि गिटार. मेबेलची गिटार वाजवायची एक खास पद्धत आहे, तिला कार्टर स्क्रॅच म्हणतात. अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर नुसता ताल खाजवायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी यूट्यूब बघून तीन आठवडे प्रयत्न केला, अंगठा आणि बोटं दोन वेगळ्या माणसांची असल्यासारखी वागायला लागली, शेवटी सोडून दिलं. त्या काळी गिटार म्हणजे मागे बसून ठेका धरायचं वाद्य होतं, या बाईने ते पुढे आणून गाणाऱ्याच्या बरोबरीने बसवलं. 'द लिस्ट'मधे गिटार (आणि बाकी बरंच काही) जॉन लेव्हेंथलचं आहे, रोझॅनचा नवरा, दुसरा, अल्बमचा प्रोड्यूसर पण तोच. माणूस वाजवतो सुंदर पण त्याच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, ती पुढे सांगतो.

आधी आवाजाबद्दल. रोझॅनचा आवाज मोठा नाही. वर जात नाही, ताना नाहीत, कंट्रीमधे तो जो नाकातून हुंदका देतात तो पण नाही. मधल्या पट्टीत, थोडा धुरकट, आणि भावना दाखवायची घाई अजिबात नाही. आमच्या आईला गाडीतून डॉक्टरकडे नेताना हीच सीडी चालू होती, दोन गाणी ऐकून आई म्हणाली, 'गाते बरी, पण हिला कोणी दटावलंय का रे? दबकून का गाते एवढी?' मी हसलो, पण नंतर वाटलं की आईने नेमकं पकडलं. काही गाण्यांना तो दबकेपणा एकदम फिट बसतो आणि काहींना अजिबात नाही.

फिट बसतो तो 'लॉंग ब्लॅक व्हेल'ला. ते गाणं म्हणजे एका फाशी गेलेल्या माणसाची गोष्ट, आणि सांगतो तो मेलेला माणूसच. खून झाला, आळ याच्यावर आला, जज विचारतो त्या रात्री तू कुठे होतास, आणि हा काही बोलत नाही, कारण तो होता आपल्या जिवलग मित्राच्या बायकोजवळ. बोलला तर जीव वाचतो पण तिची अब्रू जाते. म्हणून गप्प राहून फासावर जातो, आणि ती बाई काळा बुरखा घेऊन रात्री त्याच्या थडग्यापाशी येते. १९५९ चं गाणं, लेफ्टी फ्रिझेलने पहिलं गायलं. जॉनी कॅशने १९६८ मधे फॉल्सम जेलमधे खऱ्या कैद्यांसमोर गायलं. आता हे गाणं बाईने गायचं म्हणजे गंमतच, कारण बोलणारा पुरुष आहे. रोझॅन एक शब्द बदलत नाही. पण तिच्या तोंडून ऐकताना मला सारखं वाटतं की त्या मेलेल्या माणसाऐवजी आता ती बुरख्यातली बाईच बोलतेय. मागे विल्को बॅंडचा गायक जेफ ट्वीडी हळूच आवाज लावतो. अल्बममधला सगळ्यात चांगला ट्रॅक हाच, माझ्या मते.

'आय ॲम मूव्हिन ऑन' पण जबरदस्त. हॅंक स्नोचं १९५० चं गाणं, तब्बल २१ आठवडे एक नंबरला होतं. मूळ गाणं म्हणजे सुटलेली आगगाडी, झटपट, मी चाललो, तू बस. रोझॅनने ती गाडी पार यार्डात आणून ठेवलीये, इतकं संथ, खालच्या आवाजात, की निघून जाणारी बाई दारात उभी राहून नवऱ्याला हिशोब सांगतेय असं वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे मूळचं तेच गाणं आहे हे कळलंच नाही.

'टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट' हॅंक विल्यम्सच्या अगदी शेवटच्या रेकॉर्डिंग सेशनमधलं, सप्टेंबर १९५२. १ जानेवारी १९५३ ला तो गाडीच्या मागच्या सीटवर मेला, वय २९, आणि गाणं नंतर बाहेर आलं. इथे ठीक आहे. वाईट नाही. पण हॅंकच्या गळ्यात जी आर्जवं होती ती इथे नाहीत, इथे एक समजूतदार बाई विनंती अर्ज करतेय असं वाटतं.

'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' बॉब डिलनचं. १९६९ मधे डिलन आणि जॉनी कॅश दोघांनी मिळून नॅशव्हिलमधे गायलं होतं, आणि त्या रेकॉर्डिंगमधे दोघांचा मेळ असा नाहीच, एक पुढे एक मागे, शब्द पण कुठेकुठे वेगळे, दोन मित्र रात्री उशिरा अंगणात बसून गातात ना तसं. म्हणूनच ते गोड आहे. रोझॅनने एकटीने गायलंय आणि सगळं जागच्या जागी आहे. मला ते जागच्या जागी असणं जरा खटकलं.

आणि इथे ती लेव्हेंथलबद्दलची तक्रार. भाऊसाहेब, जरा पसारा करा की! एकेक आवाज पुसून लखलखीत करून शोकेसमधे लावलाय. बास कुठे, ड्रम कुठे, पियानो कुठे, सगळं मोजून. चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर मजा येते, मान्य, पण ही गाणी मुळात खळ्यात, आगगाडीत, गुत्त्यात आणि चर्चमधे गायलेली आहेत, थोडी धूळ हवी होती. जॉनी कॅशचं संगीत आठवा, बूमचिका बूमचिका, चार माणसं आणि एक ठेका, अर्धवट वाजवता येत असूनसुद्धा जग जिंकलं. इथे त्या ठेक्याचं नाव नाही. कदाचित मुद्दाम असेल. बापाची गाणी बापासारखी गायची नाहीत हे तिने आयुष्यभर पाळलंय, त्याबद्दल पुढे येतोच.

पाहुण्या गायकांबद्दल थोडक्यात. ब्रूस स्प्रिंगस्टीन 'सी ऑफ हार्टब्रेक'मधे आहे, आवाज छान मिसळलाय, पण मिसळलाय म्हणजे इतका की स्प्रिंगस्टीन कशाला बोलावला असं होतं. एल्व्हिस कॉस्टेलो 'हार्टेक्स बाय द नंबर'मधे, इथे जरा जान आहे, जरा पाय हलतो. रूफस वेनराइट 'सिल्व्हर विंग्ज'मधे, मर्ल हॅगार्डचं गाणं, विमान निघून जातंय आणि हा खाली उभा राहून बघतोय. रूफसचा आवाज मला एरवी आवडतो पण इथे तो मागे तरंगत राहतो, तो नसता तरी चाललं असतं. '५०० माइल्स' सगळ्यांना माहिती असेल, त्यात नवीन काही नाही, पण रात्री घाटात लावा.

'मदरलेस चिल्ड्रन' ऐकताना मला बाई जरा वेगळी वाटली. त्याला कारण आहे. २००३ च्या मे महिन्यात जून कार्टर गेली, सप्टेंबरात जॉनी. २००५ मधे आई गेली, ती गेली नेमकी २४ मेला, रोझॅनच्या पन्नासाव्या वाढदिवशी. दोन वर्षांत तिघं. त्यावर तिने २००६ मधे 'ब्लॅक कॅडिलॅक' हा अल्बम काढला. त्याची सुरुवात होते बापाच्या जुन्या टेपवरच्या आवाजाने, लहानग्या रोझॅनशी बोलतोय. आणि शेवटचा ट्रॅक आहे ७१ सेकंदांची शांतता. नुसती शांतता. आई आणि बाप दोघंही ७१ व्या वर्षी गेले म्हणून. पहिल्यांदा मला वाटलं फोन हॅंग झाला. कळल्यावर मग परत पूर्ण ७१ सेकंद ऐकली, आणि शांतता 'ऐकली' असं लिहिताना विचित्र वाटतंय पण दुसरा शब्द नाही.

त्या अल्बमच्या शोजमधे ती स्टेजवर यादीची गोष्ट सांगायची आणि लोक विचारायला लागले, अगं मग ती यादी कुठाय? तिथून 'द लिस्ट'चं बीज पडलं. मधे २००७ च्या नोव्हेंबरात मेंदूचं ऑपरेशन झालं. कियारी मालफॉर्मेशन नावाचा प्रकार, मेंदूचा खालचा भाग कवटीतून मणक्याकडे सरकतो आणि तिथे दाब येतो. कित्येक वर्षं डोकं दुखत होतं आणि डॉक्टर मायग्रेन म्हणत होते. आणि त्याही आधी, १९९८ मधे गरोदर असताना, स्वरयंत्रावर पॉलिप झाले म्हणून दोनेक वर्षं आवाजच गेला होता. आमच्या आईला हे सांगायचं राहिलं. दबकून का गाते याचं एखादं उत्तर यातही असेल, पण खरं म्हणजे ती आधीपासूनच अशी गायची.

आता करिअर, कारण नुसती ही सीडी ऐकून वाटेल की बापाच्या नावावर जगलेली बाई दिसतेय. उलट आहे. बापाची गाणी न गाता ती स्वतःच्या जोरावर एक नंबरला जाऊन आली होती. लंडनमधे रेकॉर्ड कंपनीत नोकरी केली, कॉलेज केलं, ॲक्टिंग शिकली, पहिला अल्बम केला तो पार जर्मनीत, म्युनिकला, १९७८ मधे, जो अमेरिकेत आलाच नाही. म्हणजे नॅशव्हिल सोडून जिथे जिथे जाता येईल तिथे गेली. मग १९७९ मधे रॉडनी क्रॉवेलशी लग्न, तोच प्रोड्यूसर. १९८१ मधे 'सेव्हन इयर एक' आला, नवऱ्याशी रेस्टॉरंटबाहेर झालेल्या भांडणातून सुचलेलं गाणं, आणि ते कंट्रीत एक नंबर, पॉपमधे २२ नंबर. एकूण अकरा गाणी तिची कंट्री चार्टवर एक नंबरला गेली. अकरा!

एक किस्सा मला फार आवडतो. १९८३ मधे ग्रॅमीचं नॉमिनेशन होतं, मिळालं नाही. घरी परत जाताना गाडीत वैतागून स्वतःशीच गुणगुणायला लागली, नवा ड्रेस घातला, नवे शूज घातले, तरी तुम्हाला मी का नको, अशा अर्थाचं. नवऱ्याबरोबर ते गाणं पूर्ण केलं, आणि त्याच गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं. ऑफिसातलं अप्रेझल झाल्यावर मी पण असं काहीतरी गुणगुणतो पण माझं गाणं अजून पूर्ण व्हायचंय.

१९८७ चा 'किंग्ज रेकॉर्ड शॉप' म्हणजे तिच्या कंट्री काळाचं टोक. केंटकीतल्या लुइव्हिलमधे खरंच त्या नावाचं दुकान होतं, कव्हरवर तेच दुकान आहे आणि दारात ती उभी. प्रत्यक्षात ती तिथे उभी नव्हतीच, दुकानाच्या फोटोत तिचा फोटो नंतर बसवलाय. एकाच अल्बममधली चार गाणी एक नंबरला गेली. त्यातलं एक 'टेनेसी फ्लॅट टॉप बॉक्स', गिटारवाल्या पोराची गोष्ट, लहानपणापासून ऐकलेलं म्हणून गायलं, आणि गाताना तिला माहीतच नव्हतं की ते आपल्या बापाने लिहिलंय! तिला वाटलं जुनं, कोणाचंच नसलेलं लोकगीत असेल. त्यात गिटार वाजवलीये रॅंडी स्क्रग्जने, तो प्रसिद्ध बॅंजोवाल्या अर्ल स्क्रग्जचा मुलगा. म्हणजे दोन मोठ्या बापांची दोन पोरं.

आणि मग १९९० मधे बाईने स्वतःच प्रोड्यूस केलेला 'इंटिरियर्स' काढला, मोडत चाललेल्या लग्नाबद्दलचा, काळोखा, रेडिओला न चालणारा. रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिलच्या ऑफिसने नाक मुरडलं. ती म्हणाली ठीक आहे, मला न्यूयॉर्कच्या डिपार्टमेंटला द्या. आणि स्वतः पण गेली न्यूयॉर्कला, घटस्फोट झाला, पुढे लेव्हेंथलशी लग्न. अकरा एक नंबर गाणी असलेल्या माणसाने हे करणं म्हणजे पर्मनंट नोकरीचा राजीनामा देऊन पुस्तकाचं दुकान काढण्यासारखं आहे. कंट्री गाण्यांच्या चार्टवर तिचं गाणं परत वर दिसलं नाही. म्हणून मला 'द लिस्ट'मधे जे ऐकू येतं ते हे, की घर सोडून गेलेली पोरगी वीस वर्षांनी परत आलीये, पण राहायला नाही, आपलं सामान न्यायला. आणि सामानातलं पण सगळं नाही. बारा.

बाकी अठ्ठ्याऐंशी कुठली? सीडीवरून कळत नाही, ही माझी सगळ्यात मोठी कुरकुर. बाराच गाणी, पाऊण तास पण भरत नाही. आणि बाराच्या बारा दुखरी. विरह, मरण, निरोप, अनाथ पोरं. जॉनी कॅश विनोदी माणूस होता हो, चावट गाणी पण गायचा. शंभरात एखादं तरी हसरं असेलच की, ते घ्यायला काय हरकत होती? आणि गॉस्पेल एकही नाही, जे जॉनी आणि कार्टर लोक आयुष्यभर गायले.

२०१० मधे या अल्बमला अमेरिकानावाल्यांचं (कंट्री, ब्लूज, लोकगीतं असं मिसळलेलं संगीत) वर्षातल्या बेस्ट अल्बमचं अवॉर्ड मिळालं, ते योग्यच. पण मला विचाराल तर त्याच्या पुढचा, २०१४ चा 'द रिव्हर अँड द थ्रेड' याच्यापेक्षा वरचढ आहे. आर्कान्सामधलं डायस नावाचं गाव, जिथे जॉनी लहानपणी कापूस वेचायचा, तिथलं त्यांचं जुनं घर युनिव्हर्सिटीने दुरुस्त करायला घेतलं, त्या निमित्ताने रोझॅन दक्षिणेत फिरली आणि लेव्हेंथलबरोबर गाणी लिहिली. तीन ग्रॅमी मिळाली त्याला. 'द लिस्ट' केला नसता तर तो झाला असता असं मला वाटत नाही.

कोणी घ्यावी? गझल, जुनं भावगीत असं शब्द ऐकत ऐकत ऐकायची सवय असेल तर नक्की. जिमला जाताना वगैरे अजिबात नको. नवीन माणसाने चार, आठ आणि बारा नंबरपासून सुरुवात करा असं म्हणणार होतो, पण चार जरा कमीच आहे, पाच, आठ, बारा करा. पहिला ट्रॅक 'मिस द मिसिसिपी अँड यू', जिमी रॉजर्सने १९३२ मधे गायलेला, तो पण छान आहे, पण त्यावर उगाच थांबू नका, लोक तिथेच सॅंपल ऐकून बंद करतात. स्ट्रीमिंगवर मिळतो. सीडी सेकंडहॅंड घेत असाल तर काउंटरवरच लावून बघा, माझ्यासारखं करू नका.

माझी जिथे अडकते तो नववा ट्रॅक म्हणजे 'शीज गॉट यू', पॅट्सी क्लाइनचं १९६२ चं. तुझा फोटो माझ्याकडे आहे, तुझी अंगठी माझ्याकडे आहे, आपण ऐकायचो त्या रेकॉर्डी पण माझ्याकडेच आहेत, तू मात्र तिच्याकडे. आणि बरोबर त्या रेकॉर्डींच्या ओळीच्या आसपास माझी सीडी टक टक टक करते आणि मी दर वेळी हाताने दहावा लावतो. पाचात चार स्टार. एक स्टार त्या अठ्ठ्याऐंशींचा कापलाय, दुकानदाराचा वेगळा कापायला हवा होता पण त्यात रोझॅनची काय चूक.